एचआयव्ही: चाचणीपासून नियमित उपचारापर्यंत सरकारी सेवांची वाट

एचआयव्हीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हे आता बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत जाऊन नेमके काय विचारायचे, हे माहीत नसल्यामुळे कोणी खासगी प्रयोगशाळेचा अर्धवट अहवाल हातात घेऊन महिनोन्महिने घरी बसतो, कोणी धोक्याच्या प्रसंगानंतर औषध सुरू करण्याची बहात्तर तासांची मुदत हुकवतो, तर कोणी गाव बदलले म्हणून चालू गोळ्या बंद करतो. या लेखात आजाराची भीती किंवा नीती यांची चर्चा नाही. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील नवख्या माणसाला सरकारी व्यवस्था कोणत्या क्रमाने वापरता येईल आणि कोणत्या टप्प्यावर वेळ महत्त्वाची आहे, एवढेच येथे सांगायचे आहे.

व्यवस्थेची रचना आधी समजून घेतलेली बरी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच नाको, स्थापन झाली. तिच्या खाली प्रत्येक राज्याची एड्स नियंत्रण संस्था असते. मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था स्वतंत्र असून उर्वरित महाराष्ट्राचे काम राज्य संस्था पाहते, तर गोव्याची संस्था वेगळी आहे. अनेक जिल्ह्यांत जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक असते. दवाखान्यातील कर्मचारी त्याला ‘डापकू’ म्हणतात. सामान्य माणसाचा संबंध मात्र मुख्यतः दोनच खोल्यांशी येतो. समुपदेशन आणि चाचणी जेथे होते ते आयसीटीसी, आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे, जेथे मिळतात ते एआरटी केंद्र. जवळचे केंद्र ठाऊक नसेल तर १०९७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. तेथे नाव सांगण्याची सक्ती नाही. नाकोच्या मोबाइल अॅपवरही केंद्रांचे पत्ते शोधता येतात.

प्रसंग नुकताच घडला असेल तर

येथे घड्याळाला सर्वाधिक महत्त्व आहे, म्हणून हा भाग चाचणीच्या आधी घेतला आहे. वापरलेली सुई टोचणे, लैंगिक अत्याचार होणे, किंवा संसर्ग असलेल्या व्यक्तीचे रक्त जखमेवर अथवा डोळ्यात उडणे, अशा प्रसंगानंतर विषाणू शरीरात स्थिरावण्याआधी औषध सुरू केल्यास संसर्ग टळू शकतो. या उपचाराला पेप म्हणतात. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत घ्यावी लागते. त्यानंतर गोळ्या २८ दिवस न चुकता घ्यायच्या असतात. बहात्तर तास उलटून गेल्यावर हे औषध सुरू करण्यात अर्थ उरत नाही.

त्यामुळे सोमवारी ओपीडी उघडेल तेव्हा जाऊ, असा विचार करू नये. रविवार असो वा रात्र, जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात थेट जावे आणि ‘पेप हवे आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. सुई टोचली असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. दाबून रक्त काढू नये, तोंडाने चोखू नये, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नये. अत्याचारपीडित व्यक्तीला उपचार मिळण्यासाठी आधी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट नाही. अन्य प्रसंगांत किती धोका आहे हे पाहून वैद्यकीय अधिकारी औषधाचा निर्णय घेतात. पुढील चाचण्यांच्या तारखा तेथेच कागदावर लिहून घ्याव्यात, कारण २८ दिवसांच्या गोळ्या संपल्या की काम झाले असे समजून पुढे न जाणारे अनेक असतात.

चाचणीची खोली

आयसीटीसी जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आणि महानगरपालिकेच्या मोठ्या दवाखान्यांत असते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. नोंदणीच्या खिडकीवर कारण विचारले गेले तर ‘आयसीटीसीत जायचे आहे’ एवढे पुरे; रांगेतील लोकांसमोर त्याहून अधिक सांगण्याचे बंधन कोणावर नाही.

आत प्रथम समुपदेशक भेटतात. तेथे जोडीदार, लैंगिक संबंध, निरोधचा वापर, पूर्वीचे रक्त संक्रमण, इंजेक्शनने घेतलेली नशा यांविषयी प्रश्न विचारले जातात. अनोळखी माणसासमोर हे सारे बोलताना संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु पुन्हा चाचणी करावी लागेल का आणि केव्हा, हे त्याच उत्तरांवरून ठरते. म्हणून येथे लपवाछपवी केल्यास नुकसान आपलेच होते. त्यानंतर संमती घेतली जाते. संमतीशिवाय चाचणी करणे कायद्याला मान्य नाही आणि मनात शंका असेल तर नकार देऊन परत येता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. नोंद क्रमांकाने ठेवली जाते आणि रक्ताच्या नळीवर नावाऐवजी हाच क्रमांक असतो.

चाचणीची पद्धत थोडी सविस्तर पाहू, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जी झटपट तपासणी होते, ती केवळ पहिली चाळणी असते. तिच्यात काही आढळले तर अहवालात ‘रिअॅक्टिव्ह’ असा शब्द येतो. याचा अर्थ संसर्ग झाला असा होत नाही, पुढील तपासणी करणे आवश्यक आहे एवढाच होतो. अंतिम निदानासाठी आयसीटीसीत त्याच रक्ताच्या तीन चाचण्या तीन वेगवेगळ्या किटने केल्या जातात. तिन्हींचा कौल एकच आला तरच ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून दिले जाते. निकाल आपसांत जुळले नाहीत तर तो अनिर्णित धरून काही दिवसांनी पुन्हा बोलावले जाते. खासगी प्रयोगशाळेतील एकाच चाचणीच्या कागदावरून लग्न मोडणे, नोकरी सोडणे किंवा घरच्यांना सांगून मोकळे होणे असे निर्णय घेणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही. असा कागद हाती असेल तर तो घेऊन आयसीटीसीत जावे आणि तेथे खात्री करून घ्यावी.

निकाल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो आणि तो समुपदेशकच समोर बसवून सांगतात. तो फोनवर मागू नये आणि नातेवाइकाला आणायला पाठवू नये. ज्याची चाचणी, त्याच्याच हाती अहवाल, हा नियम आपल्याच हिताचा आहे.

निकाल निगेटिव्ह असेल तर

निगेटिव्ह अहवाल मिळाला म्हणून विषय लगेच संपत नाही. झटपट चाचणी विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांमध्ये हा काळ चार आठवड्यांच्या आसपास असतो. सरकारी केंद्रे सावधगिरी म्हणून तीन महिन्यांचा काळ धरतात. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत धोक्याचा प्रसंग घडला असेल तर पुन्हा येण्याची तारीख दिली जाते. त्या दरम्यान निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये. रक्तपेढीत मोफत तपासणी होते म्हणून रक्त देऊन पाहण्याची युक्ती काही जण सांगतात. ती अत्यंत घातक आहे, कारण या सुरुवातीच्या काळातील रक्त तपासणीतून निसटून दुसऱ्या रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

निरोध आयसीटीसीतच मोफत मिळतो. त्यासोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये. तेलाने लेटेक्स कमकुवत होऊन फाटते. लघवीच्या जागी जखम, स्राव किंवा गाठ असल्यास त्याच रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये जावे. गुप्तरोगामुळे एचआयव्हीचा धोका वाढतो, आणि या आजारांसाठी तेथे ठरावीक रंगांच्या पाकिटांतून औषधे मोफत दिली जातात. वारंवार धोका संभवत असेल तर आधीपासून रोज गोळी घेण्याचा प्रेप हा उपाय उपलब्ध आहे. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि आधी चाचणी करूनच सुरू करायचा असतो.

निकाल पॉझिटिव्ह असेल तर

त्या दिवशी डोक्यात फारसे काही शिरत नाही, हे समुपदेशकांनाही ठाऊक असते. एकच गोष्ट लक्षात ठेवावी: एआरटी केंद्राच्या नावाची चिठ्ठी घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळी प्रतिकारशक्ती दर्शवणारा सीडी-४ आकडा ठरावीक पातळीखाली उतरल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून ही अट गेली असून निदान झालेल्या प्रत्येकाला, आकडा कितीही असो, औषध सुरू केले जाते. ‘मला काहीच त्रास नाही, त्रास झाला की जाईन’ असे म्हणून थांबण्यात कोणताही फायदा नाही.

कोणत्या केंद्रात नाव नोंदवायचे, याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. मुंबईत जे. जे. बरोबरच केईएम, शीव आणि नायर रुग्णालयांत, पुण्यात ससूनमध्ये, गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात अशी केंद्रे आहेत आणि जिल्हा रुग्णालयांत तर असतातच. ओळखीचे कोणी दिसेल या धास्तीने पुष्कळ लोक मुद्दाम दूरच्या शहरातील केंद्र निवडतात. तसे करण्याला आडकाठी नाही. पण ही जन्मभराची फेरी आहे. दर वेळी एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी सांगायची सबब या तिन्हींचा हिशेब पहिल्याच दिवशी करावा. पहिल्या धक्क्यात निवडलेले लांबचे केंद्र पुढे औषध तुटण्याचे कारण ठरते. प्रकृती स्थिर झाल्यावर घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय अनेक तालुक्यांत आहे. ती विचारून घ्यावी.

पहिल्या भेटीसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. आयसीटीसीचा अहवाल आणि ओळखपत्र सोबत न्यावे. सीडी-४, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे या चार लक्षणांवरून क्षयरोगाची चाचपणी केली जाते. हे चार प्रश्न पुढे प्रत्येक भेटीत विचारले जातील, त्याचा कंटाळा करू नये, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या जिवावर बेतणारा सर्वांत मोठा आजार क्षयरोग हाच आहे. तो नसल्याची खात्री झाली की तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही दिल्या जातात. केंद्रात आपली पांढरी नोंदपत्रिका राहते आणि आपल्या हाती हिरवी पुस्तिका येते. तिची अक्षरे दिसतील असे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी असते. तीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असून केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. जेवणाआधी की नंतर याचे बंधन नाही. वेळ मात्र रोज एकच ठेवावी. गोळ्या ज्या बाटलीत येतात तिच्यातील ओलावा शोषणारी छोटी पुडी फेकून देऊ नये. विसरलेली गोळी आठवताच घ्यावी, पण भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ किंवा झोपेचा त्रास होऊ शकतो आणि तो सहसा काही आठवड्यांत ओसरतो.

इतर औषधांविषयी केंद्रात आपणहून सांगणे फार आवश्यक आहे. पोटातील जळजळीची अँटासिड, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यामुळे डोल्युटेग्रॅव्हिर शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची मात्रा मर्यादित करावी लागते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक मात्रा बारा तासांनी द्यावी लागते. आजार लपवून शेजारच्या डॉक्टरकडून परस्पर औषधे आणणारा माणूस नेमका येथे अडचणीत येतो. उपचार पूर्ण थांबवून ‘मुळासकट बरे करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. ज्या आजारांवर रामबाण उपायाचा दावा करायला औषध नियमावलीची मनाई आहे, त्यांच्या यादीत पहिलेच नाव एड्सचे आहे.

औषध लागू पडत आहे की नाही, हे व्हायरल लोड या तपासणीवरून कळते. ती सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी मोफत होते. तारीख आपणच लक्षात ठेवून विचारावी. गर्दीच्या केंद्रात ती राहून जाऊ शकते. रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. मात्र याचा अर्थ विषाणू गेला असा नव्हे. गोळ्या थांबल्या की तो परत वाढतो.

गरोदरपणात

प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी करण्याची विचारणा होते. ती नाकारू नये. उपचारच न मिळाल्यास बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. आईने वेळेवर गोळ्या सुरू केल्यास आणि बाळाला जन्मल्यावर ठरलेले प्रतिबंधक औषध दिल्यास तो पाच टक्क्यांच्याही खाली येतो. सहा आठवड्यांच्या वयात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणी होते, पण अंतिम निदान अठराव्या महिन्यात. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात तोवर राहू शकतात, म्हणून त्याआधी केलेल्या साध्या चाचणीवरून घाबरून जाऊ नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा वर सांगितलेला नियम गरोदर स्त्रियांना विशेष लागू आहे, कारण त्या गोळ्या त्यांना दवाखान्यातूनच मिळत असतात.

गाव बदलताना

महाराष्ट्रात औषध तुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे हंगामी स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावरच परततात. मुकादमाची उचल घेतलेल्या मजुराला महिन्याला गोळ्यांसाठी गावी परतणे जमत नाही आणि कारण सांगता येत नसल्याने रजाही मिळत नाही. अशा वेळी उपाय तीन आहेत आणि त्यांची विचारणा टोळी निघण्याच्या निदान पंधरवडाभर आधी करावी.

प्रकृती स्थिर असेल तर एकाच वेळी काही महिन्यांचा साठा मिळू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रवासात असताना हिरवी पुस्तिका दाखवून वाटेतील एआरटी केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या घेणे. मुक्काम लांबणार असेल तर नाव रीतसर तिकडच्या केंद्रात वर्ग करून घ्यावे. वर्ग करताना जुन्या केंद्राचे पत्र, हिरवी पुस्तिका आणि किमान महिनाभराच्या गोळ्या हातात असल्याशिवाय निघू नये. नवीन केंद्रात पहिल्याच दिवशी औषध मिळेल असे गृहीत धरणे जोखमीचे आहे. मुंबई-पुण्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कामगारांनाही हाच मार्ग आहे, कारण देशभर औषधे एकाच राष्ट्रीय कार्यक्रमातून दिली जातात. आणि काही कारणाने गोळ्या तुटल्याच, तर ओरडा बसेल या भीतीने केंद्र टाळू नये. किती दिवस खंड पडला तो खरा सांगून पुन्हा सुरुवात करावी.

गोपनीयता, कायदा आणि तक्रार

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार आणि भाड्याचे घर यांत केवळ एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. नोकरी देण्याची किंवा उपचार करण्याची पूर्वअट म्हणून चाचणी मागता येत नाही. राहत्या घरातून बाहेर काढले जाण्यापासून अठरा वर्षांखालील मुलांना आणि स्त्रियांना संरक्षण देणारी स्वतंत्र तरतूदही त्यात आहे.

जोडीदाराला कोणी सांगायचे, हा प्रश्न नाजूक असतो. पहिली पसंती आपण स्वतः सांगण्याला आहे आणि समुपदेशक त्यासाठी जोडप्याला एकत्र बसवतात. जोडीदाराला खरोखर धोका असेल आणि समुपदेशनानंतरही आपण सांगत नसू, तर डॉक्टर किंवा समुपदेशक पूर्वकल्पना देऊन त्याला कळवू शकतात. परंतु सांगितल्यामुळे मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, तर डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी कळवायचे नसते. आपल्याला अशी भीती असेल तर ती समुपदेशकाला मोकळेपणाने सांगावी आणि नोंदवून घ्यावयास लावावी.

उपचार नाकारले गेले तर तोंडी वाद घालून परत येऊ नये. तारीख, वेळ, विभाग आणि काय शब्द वापरले गेले, हे त्याच दिवशी लिहून काढावे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या अन्य आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. पहिला अर्ज त्यांच्याकडे द्यावा. त्यानंतर राज्याने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बड्समन) जाता येते. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो आणि प्रकरण वैद्यकीय तातडीचे असल्यास शक्यतो चोवीस तासांत. न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने कामकाज चालवण्याची विनंती करता येते.

आर्थिक मदतीपैकी महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांपर्यंत असावे लागते आणि अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. बाधित पालकांच्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बाल संगोपन योजना आहे. एआरटी केंद्रात तपासणीसाठी जाताना रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत ५० टक्के सवलतीची तरतूद असून त्यासाठीचा नमुना केंद्रातून भरून घ्यावा लागतो. या अर्जांसोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागत असल्याने ते गावातील कोणाच्या हाती देऊ नये. बंद पाकिटात, स्वतः नेऊन, संबंधित कारकुनाच्या हाती द्यावे आणि पोच घ्यावी.